सहा लाख चाळीस

आकडा मी तळहातावर लिहून नेला होता,
निळ्या बॉलपेनने, अंगठ्याच्या मुळाशी.
सहा लाख चाळीस हजार डॉलर.
त्यापुढे एक सेंटही नाही.
आदल्या रात्री सगळं मांडून झालं होतं:
बँकेचा हप्ता, कौंसिलचा कर, पन्हळी दुरुस्ती,
भाडेकरूविना जाणारे दोन महिने.
मी बस चालवते, स्टेशन ते बंदर.
ब्रेक कधी लावायचा हे मला कुणी शिकवू नये,
असं मी तेव्हा म्हणत असे.

जिलाँगला घरं रस्त्यावर विकतात.
शनिवारी अकराला फूटपाथवर माणसं जमतात,
कुत्री घेऊन, कॉफीचे कप घेऊन.
शेजारी येतात ते फक्त
आपल्या घराची किंमत ऐकायला.

"स्टाव्रूला," कालिओपी म्हणाली होती,
माझी मावसबहीण, दुकानदारांच्या वह्या तपासणारी,
"तिथे तुला राहायचं नाहीये.
प्रेमात पडू नकोस. भागाकार कर."

मी भागाकारच करत होते.
भिंतीच्या भेगेत नाणं सरकवून पाहिलं,
नळ सोडून शंभर मोजले,
गालिच्याचा कोपरा उचलून खालचं लाकूड हुंगलं.
मग मीटरबॉक्सचं झाकण उघडलं.
पांढऱ्या पट्ट्यांवर पेन्सिलीने, कापऱ्या अक्षरात:
फ्रीज. गीझर. मागचा दिवा.
आणि चौथ्या बटणाखाली:
मोइराची खोली. हे कधीही बंद करू नये.

कोण मोइरा, काय चालायचं तिथे रात्रभर,
श्वासाचं यंत्र, की नुसताच एक दिवा,
मी विचारलं नाही. झाकण लावलं.
पण तेवढ्यात मी
दहाएक हजारांनी वाढले होते.

पाच लाख ऐंशीपासून सुरू झालं.
सहाच्या पुढे दोघंच उरलो:
मी, आणि कानाला फोन लावलेला एक करड्या कोटातला,
कुणा दुसऱ्यासाठी बोलणारा,
काकडी चिरावी तसे आकडे टाकणारा.
सहाशे चाळीस माझेच होते.
खरं तर तिथे संपायला हवं होतं.
तो सहाशे पंचेचाळीस म्हणाला
आणि त्याने जांभई दिली.

प्रेम मी आवरलं असतं.
त्याची तयारी करून आले होते.
जांभईची नव्हती.
सहाशे बावन्न, मी म्हटलं.
पंचावन्न.
अठ्ठावन्न, मी,
आणि कानात रक्त वाजत होतं.
तळहात पाहिला. घामाने
चाराचं डोकं मिटून नऊ झाला होता,
आणि मला तो नऊच वाचायचा होता.

सहाशे साठ, तो म्हणाला.
लिलाववाला माझ्याकडे वळला,
"बाई, एवढ्या जवळ येऊन?"
मी तोंड उघडलं.
आवाज आला नाही. घसा कोरडा पडला होता, एवढंच.
एक. दोन. गुंडाळलेला कागद त्याने
हातावर आपटला.
करड्या कोटाने फोनमध्ये सांगितलं, "मिळालं,"
दुधाची पिशवी मिळावी तसं.

रात्री कालिओपीने विचारलं.
थांबले, मी म्हटलं.
"शाबास! मला ठाऊकच होतं."
कुठे थांबले, ते सांगितलं नाही.
अठरा हजार पुढे जाऊन, काळजीच्या खड्ड्यात
एक पाय टाकून झाल्यावर
त्या अनोळखी माणसाने मला बाहेर ठेवलं होतं,
पुन्हा जांभई देत असेल कदाचित.
शाई मंगळवारपर्यंत निघाली नाही.

आता त्या घरावर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी आहे.
माझी बस दिवसात सहा वेळा तिथून जाते.
चौथं बटण कुणीतरी केव्हाच बंद केलं असणार.
वळणावर मी वेग थोडा कमी करते.
तिथे थांबा नाही.