मागचं दार

खिडकी बुजवली त्या साली बर्नाडीन तेवीस वर्षांची होती.
दगड यायचे तेव्हा. एकदा रंगाचा डबा,
एकदा नुसतीच थुंकी, काचेवरून ओघळत राहिलेली.
मग तिच्या मामाने, जो गवंडी होता
आणि ज्याने काहीच विचारलं नाही,
एका रविवारात एकशे बारा विटा लावल्या
आणि मजुरी म्हणून ब्रँडीचे दोन पेले घेतले.

तेव्हापासून आमच्या बारला तोंड नाही, पाठ आहे.
गल्लीतून यायचं, कचऱ्याच्या पिंपांना वळसा घालून,
दिव्याखाली जरा थांबायचं, आतल्यांना चेहरा दिसावा म्हणून,
मग दोनदा टकटक, थोडं थांबून एकदा.
मिलवॉकीत बर्फ बसला की मार्चपर्यंत उठत नाही,
आणि पावलांचे ठसे सरळ आमच्या दाराशी यायचे.
क्लिफर्ड दर तासाला फावडं घेऊन
ते ठसे मोडायचा.
हे मी ऐकलेलं. मी आले तोवर टकटक संपली होती,
फावडं मात्र दाराशी तसंच उभं.

बिअरचे कारखाने गेले, कातडी कमावणारे गेले,
आम्ही राहिलो.
शुक्रवारी तळलेला मासा, शनिवारी मांसाची सोडत.
हो, सोडत: एका डॉलरला चिठ्ठी, बक्षिसाला डुकराच्या बरगड्या,
आणि आकडे पुकारायला मिस ग्लोरिया डेव्हनपोर्ट,
जी सोमवार ते शुक्रवार मॉरिस असते,
पालिकेच्या पाणी खात्यात.

ज्यूकबॉक्सच्या वर फोटो आहेत.
सगळे आठ-नऊ वर्षांतले, सगळे तरुण.
त्या भिंतीला कोणी टेकत नाही.

येंग म्हणाला, खिडकी उघडू या, आता कोणाला भ्यायचं?
बर्नाडीन ग्लास पुसत राहिली.
तिच्या ग्लास पुसण्यात नकाराचे सतरा प्रकार आहेत.
पण ओल धरली होती आतून,
आणि फेब्रुवारीत एका रात्री, कोणी हात न लावता,
एक वीट फुटपाथवर जाऊन पडली.
विटांनाच वीट आला, मी म्हटलं.
ती हसली नाही. म्हणाली, काढा.

शनिवारी दुपारी काढल्या.
उजेड आत आला, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा,
आणि आम्ही सगळ्यांनी आधी आपापले हात पाहिले.
गालिचा लाल आहे असा आमचा समज होता.
ओडेल, जो तीस वर्षं समोरून बस नेत होता
आणि भिंत आली की वेग थोडा कमी करत होता
(कोणासाठी, ते त्याने सांगितलं नाही),
काचेला नाक लावून म्हणाला,
अरे, इथून माझा थांबा दिसतो.

रात्री साडेनऊला त्या थांब्यावर एकजण.
टोपी कानांवर ओढलेली, हात खिशात.
एक बस सोडली.
दुसरी सोडली.
आम्ही न बघितल्यासारखं करत होतो, सगळे, एकदम,
म्हणजे बाहेरून किती स्पष्ट दिसत असेल.
खिडकी दोन्हीकडून असते, हे विसरायला होतं
इतक्या वर्षांनी.

येंगने कोट उचलला, जाऊन बोलावतो.
बस खाली, बर्नाडीन म्हणाली.
ढिगातली एक वीट घेतली तिने,
दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवत मागे गेली,
गल्लीतला दिवा लावला, कित्येक वर्षांनी,
आणि दार उघडं राहावं म्हणून वीट मध्ये सारली.
थंडी आत शिरली, घोट्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत.
कोणी कुरकुरलं नाही.

तिसरी बस आली, उभी राहिली, गेली.
थांबा रिकामा.
चढला असेल. किंवा कोपरा वळून पिंपांजवळ उभा असेल.

मिस ग्लोरियाने आकडा पुकारला: सत्तेचाळीस.
आम्ही आपापल्या चिठ्ठ्या पाहिल्या. कोणाचाच नव्हता.
तिने पुन्हा पुकारला,
जरा मोठ्याने,
गल्लीकडे तोंड करून.