वहीवरचा डाग

सरमा वारा दोन दिवस झोडपून गेला
की तिसऱ्या सकाळी ती किनाऱ्यावर सापडायची,
ओल्या गोट्यांच्या फटीत,
वीतभर, फिकट गुलाबी,
अंगावर खवला म्हणून नाही.
बैकालवर जाळ्यात ती सहसा येत नाही कुणाच्या.
ओमुल येतो थव्याने, गावजेवणाला निघाल्यासारखा.
गलम्यांकाला सोबत लागत नाही.
काळोखात एकेकटी तरंगत राहते,
ना वर, ना खाली.

"हिच्या पोटात हवेची पिशवीच नाही,"
मासळीच्या कारखान्यातला गर्मा सांगायचा.
मीठ लावून लावून त्याच्या पेरांना भेगा पडल्या होत्या.
मग बुडत कशी नाही?
"तेलावर. निम्मी मासळी, निम्मं तेल.
आमच्या आजोबांच्या दिव्यात जळायची ही."

(पुढे मी मोजलं. निम्मं नाही,
तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त.
गर्माला सगळ्यातच वाढवून घालायची सवय,
एक मीठ सोडून.)

मी नऊ वर्षांची होते.
एक उचलून आणली आणि गणिताच्या वहीवर ठेवली.
तिच्या शेपटीतून माझे आकडे दिसत होते:
सात नवे एकसष्ट,
खाली बाईंची लाल रेघ.
आईनं बटाटे सोलायला हाक मारली.
परत आले तर खिडकीत ऊन आलेलं,
आणि मासळी नाही.
केसासारखा कणा, दोन डोळे,
आणि पानातून पानात उतरत गेलेलं तेल.
मांजरानं मार खाल्ला.

डाग पडला तिथं कागदाची काच झाली.
बाईंनी विचारलं, मी म्हटलं, मासा वितळला.
तासभर कोपऱ्यात उभी होते.
वही अजून आहे माझ्याकडे.
ती चूक आता दोन्ही बाजूंनी वाचता येते.

अग्निया व्लासोव्नाच्या बोटीवर मी नोंदी ठेवते,
आठ शरद झाले.
दिवसा ती खोल असते, रात्री वर येते,
तिच्या मागावर नेर्पा, मिशा ताठ करून.
खाली पाणी चार अंशांच्या आसपास, बाराही महिने.
दीड हजार मीटर पाण्याचं ओझं अंगावर
आणि ती चेपत नाही,
कारण चेपायला आत पोकळ काही नाही.
हे अग्नियानं मला पहिल्याच रात्री सांगितलं,
आणि वर म्हणाली, "चहा ठेव."

परवा एक मोठी मादी वर आली,
पोट इतकं ताणलेलं की आतलं सगळं दिसत होतं,
काळे ठिपके, जोडीजोडीनं.
डोळे होते ते.
अंडी नाही घालत ही. पिल्लंच.
बादलीतल्या गार पाण्यात
एक धागा सुटला, मग दुसरा,
मग पाणी नुसतं शहारत राहिलं.
बर्फ घालत, कंदील लांब धरून,
आम्ही पहाटेपर्यंत मोजलं,
चमच्याने, पांढऱ्या बशीत, दहा दहाचे गट करून.
माझ्या बोटांना बोटं आहेत हे मी विसरले होते.

आई मधेच कधी थांबली ते कळलं नाही.
"बहुतेक इथपर्यंतच असतात त्या,"
अग्निया म्हणाली, आणि वेळ लिहिली:
चार वाजून दहा मिनिटे, अंदाजे.
तिला दंडगोल बाटलीत ठेवताना
अग्नियानं हातमोजे काढले होते.
का, ते मी विचारलं नाही.

पिल्लं आम्ही परत सोडली,
पेल्या पेल्यानं, बोटीच्या सावलीच्या बाजूला.

माझी गणती एक हजार नऊशे त्रेचाळीस.
तिची बेचाळीस.
पुन्हा मोजायला आता काही नव्हतं.
"तुझ्या आकड्यांचा मला इतिहास माहीत आहे,"
ती हसून म्हणाली.
पण मी ते पाहिलं होतं,
बशीच्या कडेला, पाण्याहून थोडंसं जाड पाणी.

वहीत दोन्ही आकडे लिहिले आहेत.