बर्फ कारखान्यापर्यंत

फॉर्मवर मी पत्ता लिहिते:
बर्फ कारखान्याजवळ, रत्नागिरी.
खोटं नाही ते. कारखान्याची भिंत
आमच्या मागल्या दारातून दिसते.

वाडीचं नाव लिहिलं की
समोरचा पेन थांबवतो.
"मूळचे तिथलेच का?"
जसं काही ते दुखणं आहे
आणि लागण कधी झाली ते सांगायचंय.

मेडिकलात मी गोळ्या मोजून देते.
डब्यात बांगडा असला तर डबा उघडतच नाही.
शहरात कुणाची मोटरसायकल गेली
की जीप आधी आमच्याकडे येते,
आणि ज्याला सायकलही येत नाही तो नझीर
रात्रभर बाकड्यावर बसून येतो.

काल उशीर झाला. रिक्षा केली.
"बर्फ कारखाना."
"फुडं नाय जानार हां, आधीच सांगतो."
"मला पुढं जायचंच नाही."

उतरले, सुटे दिले.
रिक्षा दिसेनाशी झाली की चालू लागायचं,
हे माझं ठरलेलं.
पण तो बिडी पेटवून तिथंच.
मी पिशवी चाचपली, मोबाईल काढला, परत ठेवला.
त्यानं आरसा पुसला. पुन्हा पुसला.

शेवटी दोघंही एकदमच
साकवाकडे वळलो.

"तुमी हमिदाच्या मागल्या घरच्या ना?"
"आणि तू जैनू तांडेलाचा."
"बसा," तो म्हणाला. "भाडं नको."

कुणीतरी उचलायची विसरलेली सुकट
अंधारात वास मारत होती.
वाटेत एक बकरी बसलेली.
हॉर्न न वाजवता तो थांबला.