ताफ्याच्या पुढे

जानेवारीत नॉर्डकापचा रस्ता माझ्या मागून चालतो.
स्कार्सवोगच्या फाट्यावर, अडसरापाशी, सगळे खोळंबलेले :
बस, भाड्याच्या मोटारी,
कुणाची तरी चुकून आलेली कॅरॅव्हॅन.
अकराला मी येते, बर्फ ढकलणारं धूड घेऊन,
टपावर नारिंगी दिवा गरगरत.

"पुढच्याचा लाल दिवा सोडू नका."
माझं भाषण एवढंच.
त्यांना वाटतं, हिला सगळं दिसतं.
मला दिसतात फक्त कडेला रोवलेले खांब,
तेही वाऱ्याच्या मर्जीनं.

"गुडलाउग, इथं राहवतं कसं?"
एकीनं विचारलं, पापण्यांवर बर्फ.
म्हटलं, भाडं कमी आहे.

वर कडा. तीनशे मीटर खाली समुद्र,
दिसत नाही, नुसता आपटतो.
लोखंडी गोलापाशी फोटो काढतात सगळे,
पृथ्वी इथं संपली याची पावती हवी तशी.
पावती मिळते खरी,
वाहनतळाची.

एक सांगते, पर्यटकांपाशी बोलू नका.
पश्चिमेला एक ठेंगणी, चपटी जीभ आहे,
उन्हाळ्यात दिसते कड्यावरून,
ती याच्याहून जरा जास्तच उत्तरेला घुसलीय.
तिथं गोल नाही, कॉफी नाही.
लहानपणी चालत गेले होते बाबांबरोबर.
टोकाला पोचल्यावर "झालं" म्हणाले
आणि डबा उघडला.
सुकवलेला कॉड, वर बोटभर लोणी.
खाल्लं, हात खडकाला पुसले, परत फिरलो.
उत्तर म्हटलं की मला अजून लोणीच आठवतं.

खरं काम माझं मोजण्याचं.
वर नेल्या तेवढ्या खाली आणायच्या.
परवा नेल्या नऊ,
उतरल्या दहा.
हातमोजा काढून बोटानं पुन्हा मोजल्या. दहा.
शेवटच्या गाडीत आइलू, वरच्या उपाहारगृहातला आचारी,
मांडीवर स्वतःचं पातेलं,
मागच्या सीटवर उशी, पट्टा लावलेली.

"सोडली," म्हणाला.
"चौदा हिवाळे सूप वाढलं.
काचेतून काळोख बघतात
आणि मला विचारतात, समोर काय आहे."
"मग काय सांगायचास?"
"रशिया, ध्रुव, देवमासे, तोंडाला येईल ते.
आज म्हटलं, मला काय माहीत.
आणि एप्रन काढला."

नोंदवहीत लिहिलं : वर नऊ, खाली दहा.
कार्यालयातून फोन आला, बेरीज चुकलीय, दुरुस्त करा.
केली नाही.
वारा वायव्येचा आहे.
उद्या बहुधा रस्ता बंद.