दर दोन मिनिटाला एक चमचा

सेलूत आमच्या भागाला नवव्या दिवशी पाणी येतं.
मला वार लक्षात राहत नाही, पाळी राहते.
बारा वर्षं झाली, लोखंडी चावी खांद्यावर टाकून
गल्लोगल्लीचे खड्डे उघडतो,
वाकतो, फिरवतो, कान लावतो.
पाणी यायच्या आधी पाइप उसासा टाकतो.
तो मला झोपेतही ओळखू येतो.

पौषातल्या एका मंगळवारी आर्वीनं दूध ओकलं.
परत ओकलं. मग हगवण लागली,
पिवळी, फेसाळ, नंतर नुसतं पाणी.
दुपारपर्यंत अकरा दुपटी. दोरीवर जागा उरली नाही.
शेजारची गोदामाय म्हणाली, दात येतेत, व्हतंच असं.
चार वाजता म्हणाली, टाळू पडली की गं.
तिन्हीसांजेला म्हणाली, दृष्ट हाय,
आणि मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या.
मोहऱ्या तडतडल्या.
मिठाचं काय झालं कुणी बघितलं नाही.

पोरगी रडत होती.
मुक्ता म्हणाली, अहो, हिच्या डोळ्यात पाणीच नाही.
मी मोबाइलचा उजेड धरला.
तोंड वाकडं, आवाज चालू,
गाल कोरडे ठाक.
असं रडताना मी फक्त नळाला ऐकलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली.
ती लगेच बसली नाही.
मी म्हटलं, सलाईन लावा.
त्या म्हणाल्या, तोंडानं घेतेय ना, मग तोंडानंच.
मग मी विचारलं, पाण्यानं झालं का?
मागच्या पाळीला जुन्या जिनिंगच्या मागं
गटारीशेजारी जोड ठिबकत होता.
मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आलो होतो,
उद्या बघू म्हणून.
त्या म्हणाल्या, विषाणू आहे. थंडीत फार दिसतो लेकरांत.
हातातून जातो, खेळण्यातून, पाण्यातूनही.
त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.
'ही' माझ्यापाशी राहिला.

पाकीट फोडलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी.
मी रोज टाक्याच्या टाक्या सोडतो,
लिटर एवढं मोठं असतं हे ठाऊक नव्हतं.
चार तासांत सहाशे मिली, बाई म्हणाल्या,
दर दोन मिनिटाला एक चमचा.
मी हिशोब केला: एकशेवीस.
मुक्ता मांडीवर घेऊन बसली, मी घड्याळ धरलं.

दहा वाजता फोन वाजला.
मुस्तफामामू. आज आमची पाळी ना रे?
हो मामू.
मग?
थांबा जरा.
परत वाजला. मी चमचा धरलेल्या हातानं कापला.

सदतिसाव्याला सगळं बाहेर आलं.
मुक्ता रडली, तिला डोळ्यात पाणी होतं.
नर्स म्हणाली, दहा मिनिटं थांबा, परत सुरू करा, हळू.
परत एक.
परत एक.
ओठ आधी नुसते ओले व्हायचे,
मग जीभ बाहेर यायला लागली, चमच्यामागे.
पंच्याऐंशीनंतर मी चुकलो मोजायला.
मुक्ता दमली म्हणून मी घेतलं तिला,
आणि कधीतरी बारानंतर
माझी मांडी गरम झाली.
मी हललो नाही.
पँट भिजू दिली, पुरती, गुडघ्यापर्यंत.

मामूंच्या गल्लीला पहाटे साडेतीनला पाणी सुटलं.
त्याआधी टॉर्च तोंडात धरून
जिनिंगमागची पट्टी सोडली, जोड नवा घातला.
बायका हंडे घेऊन ओट्यावर झोपल्या होत्या.
एकीनं माझ्या आईवरून शिवी दिली.
ऐकून घेतली.

झिंकच्या गोळ्या अजून नऊ दिवस आहेत,
चमचाभर दुधात विरघळवून. आर्वी थुंकते.
परवा घरी आलो, हात धुतले साबणानं,
नखांत घासून, मग परत धुतले.
मुक्ता आतून म्हणाली,
अहो, पुरवायचंय ते. पाळी शनिवारी आहे.