आठवडा सतरावा

जूनच्या दुसऱ्या सोमवारी
डाळ मिलच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी रेघा मारल्या. छत्तीस आठवडे, सहा विषय,
चौकटीचौकटीत पान क्रमांक, तेही पेनानं.
हे म्हणाले, अडतीच्या पट्टीसारखं जुळलंय.
मला ते कौतुक वाटलं.

पुस्तकं तीन जागची.
गणित बालभारतीचं, कारण ते मला येतं.
विज्ञान नणंदेच्या मुलाचं, मिशा काढलेल्या शास्त्रज्ञांसकट.
आणि इंग्रजीचा एक खोका पुण्याहून, साडेचार हजारांचा,
ज्यातली मुलं बर्फात खेळून घरी येतात
आणि आई केक भाजते.
मन्मथनं पहिल्याच दिवशी विचारलं,
"यांच्याकडं करडईची भाजी मिळत नसंल ना?"
खोका आता शिलाई मशीनखाली आहे.
पाय ठेवायला बरा पडतो.

खालच्या मजल्यावरच्या महानंदाबाई जिन्यात गाठतात,
"काय करलालाव हो लेकराचं?
सहावीची फाउंडेशन बॅच भरली की!"
लातुरात दुधाचे दात पडायच्या आत
पोरं नीटच्या वाटेला लागतात.
मलाही नीटच करायचंय सगळं, बाई,
माझ्या नीटला उणे गुण नाहीत, एवढंच.
हे अर्थात मी मनात म्हणते,
तोंडानं म्हणते, बघू.

पाचवीच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं,
'मुलगा संथ आहे.'
संथ हा शब्द नदीला लावतात,
असं मी घरी येऊन भिंतीला सांगितलं होतं.

आणि मग श्रावणात, अपूर्णांकांच्या सातव्या आठवड्यात,
छेद समान करता करता
तो पुन्हा पहिल्या गणितावर आला तेव्हा
मीच ओरडले, किती संथ रे तू!
त्यानं वही मिटली. फार हळू मिटली.
गच्चीवर जाऊन टाकीच्या सावलीत बसला.
खाली मी कॅलेंडरसमोर उभी,
थकलेली पानं मोजत,
जशी वीजबिलाची थकबाकी मोजतात.

रात्री यांनी मिलमधून नमुन्याच्या पुड्या आणल्या.
अख्खी तूर, फटका, चुरी.
शिकवायला नव्हे, गिऱ्हाइकाला द्यायच्या होत्या.
मन्मथनं त्या ताटात ओतल्या.
ही एक. ही अर्धी. दोन अर्ध्या म्हणजे ही.
मग चिमटीत चुरी धरून,
"आई, हिचा छेद किती?"
मला येत नव्हतं. यांनाही.
"मोजावं लागंल," तो म्हणाला,
आणि तीन दिवस मोजत बसला,
एका दाण्याची चुरी किती,
दर वेळी वेगळी येते म्हणून चिडत,
आणि मला हाका मारत.
त्या तीन दिवसांच्या चौकटी कोऱ्याच आहेत.
गिऱ्हाइकाला दुसऱ्या पुड्या गेल्या.

भूगोलात मात्र तो माझ्या रेघा ओलांडून
कधीच पुढं निघून गेलाय.
मांजरा नदी पाहिजे म्हणाला, सगळी.
जिल्ह्याच्या नकाशात ती मावेना,
म्हणून चार नकाशे डकवले भाताच्या शितांनी.
बीडकडून येते, आपल्याला शिवून जाते,
बिदरकडं, पार तेलंगणात.
आणि तिथं, त्याचं बोट थबकलं,
"आई, ही तर परत वर वळली!"
आपलं चुकलं असं वाटून त्यानं दोनदा तपासलं.
चुकलं नव्हतं.
गोदावरी गाठायला ती इतकी लांबून जाते.

आज सतरावा आठवडा.
माझ्या चौकटीत गणिताचं पान चौऱ्याऐंशी.
आम्ही एक्केचाळीसवर.
मुक्त मंडळाच्या आठवीच्या परीक्षेची माहिती कपाटात आहे,
साड्यांखाली, अधूनमधून हात लावून बघते.
भीती गेलेली नाही. सकाळी सहाला
क्लासच्या सायकली खालून जातात तेव्हा ती
माझ्याआधी उठते.

तो अजून झोपलाय.
पेनानं लिहिलेलं खोडता येत नाही,
म्हणून काल त्यानं समासात
निळ्या पेन्सिलीनं नदी काढली,
कॅलेंडरच्या तळापर्यंत खाली आलेली
आणि मग सरळ वर वळलेली.
वळणाशी बारीक अक्षरात लिहिलंय,
पान ४१.