पोटखराब

सातबाऱ्यावर तिचं नाव पोटखराब.
गट नंबर दोनशे चौदा, आकार निरंक.
सेलूच्या पल्याड, रेल्वेफाटकाला खेटून,
भर मे महिन्यात जिथं म्हशीचा पाय रुतून बसतो.

रात्री टिप्पर येतात. दिवे बंद, मुरूम चालू.
सकाळी पाणकणसाची एक रांग कमी.
शेख मुनाफ पंक्चर काढता काढता मोजतो,
वहीत लिहितो: सोमवार चार, मंगळवार सात,
बुधवारी लाईट नव्हती, आवाजावरून नऊ.

आम्ही किती? सतरा. मोर्चा म्हणावा तर
फाटक पडलं की निम्मे अलीकडे, निम्मे पलीकडे.

सुनावणीला साहेब म्हणाले,
तिथं आहे काय, डासांशिवाय?
चटया विणणारी गयाबाई उठली.
पदराखालून जर्मनचा डबा काढला,
टेबलावर ठेवला. हे आहे बगा.
काळा चिखल. कुजल्या मुळ्यांचा वास
पंख्यानं सगळ्या फायलींवरून फिरवला.
कारकुनानं पावती फाडली:
‘चिखल, अंदाजे एक किलो, विनाझाकण.’

तारीख पडली. पुन्हा पडली.
टिप्पर येतच राहिले. शेकाट्या
लांब लाल पाय उचलत, सरकत सरकत
आमच्या बाजूला आला.

जूनच्या तारखेला डबा तिथंच,
स्टॅम्पपॅडशेजारी.
पाणी कुणी घातलं, कारकून सांगेना.
लव्हाळ्याची दोन पाती वर आलेली,
आणि साहेबांनी, हे मुनाफच्या वहीत आहे,
सही करताना डबा जरा बाजूला घेतला,
सांडू नये म्हणून.

सही कशावर केली, ते अजून कळलं नाही.